हात भरलेले असले की पावलं मोजली जात नाहीत



पावसाळ्यात कडधान्यं आणि पापड कसे जपायचे यावर लिहीन असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी नक्की. आज पावलं मोजणाऱ्या घड्याळाबद्दल लिहिते. त्या घड्याळापायी आमच्या घरात दोन महिने धुसफूस चालली होती, आणि तशीच तुमच्यापैकी काहींच्या घरात आज चालू असेल असं मला वाटतं. कारण आता ते मनगटी पट्ट्याचं घड्याळ शहरातच राहिलेलं नाही. आमच्या आसेगावातही ते आलं आहे. मुलं पुण्या-मुंबईहून येताना मिठाईच्या डब्याऐवजी हेच घेऊन येतात.

आमच्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या वॉकर धरून चालतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, एका दमात फार चालायचं नाही, पण दिवसातून सहा-सात वेळा उठून थोडं थोडं चालायचं. सासूबाई ते काटेकोर पाळतात. पहाटे उठून घरातल्या चैत्यालयापर्यंत, मग ओट्यापर्यंत, मग माझ्याशी बोलायला स्वयंपाकघरात, दुपारी अंगणात चिंचा नाहीतर शेंगा निवडायला. बाई एका जागी बसणारी नाही.

अक्षय तृतीयेला धाकटे भाऊजी पुण्याहून आले आणि त्यांनी आईच्या मनगटावर घड्याळ बांधलं. हेतू चांगलाच होता. आईची पावलं, नाडीचे ठोके, झोप, सगळं त्यांच्या मोबाइलवर पुण्यात दिसणार. आईने रोज ३००० पावलं चालायची असं त्यांनी ठरवून टाकलं. सासूबाईंनाही आठ दिवस कौतुक होतं.

मग फोन सुरू झाले. "आई, काल फक्त ३४०?" दुसऱ्या दिवशी, "आई, २९०? तू दिवसभर झोपून असतेस का?" सासूबाई चिडायच्या. "अरे, मी काय दिवसभर खाटेवर पडून राह्यते काय? चार चकरा तर सकाळीच झाल्या माह्या!" पण तिकडे पडद्यावर आकडा दिसत होता, आणि आकड्यापुढे आईच्या शब्दाला वजन उरलं नाही.

थोड्या दिवसांनी तो फोन माझ्याकडे वळला. "वहिनी, आईला जरा उठवत जा ना. तुम्हाला कामं असतात हे कळतं मला, पण..." त्या 'पण'नंतरचं त्यांनी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. ऑपरेशननंतर सहा महिने ज्या बाईने सासूची अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं सगळं केलं, तिला एका घड्याळाने कामचुकार ठरवलं होतं. मी त्यांना उलट बोलले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं.

आषाढात पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळची गोष्ट. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यानंतर सासूबाई सामायिकाला बसतात, यात गेल्या वीस वर्षांत मी खंड पाहिलेला नाही. त्या दिवशी मी भांडी आवरून बाहेर आले तर आसन रिकामं. अंगणातून वॉकरचा टकटक आवाज येत होता. अंधार पडत आलेला, फरशी ओली, दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्यांचा खच पडलेला, आणि सासूबाई त्यातून फेऱ्या मारत होत्या. मी हाक मारेपर्यंत वॉकरचा पाय घसरला. नशीब चांगलं म्हणून ओट्याच्या कडेला टेकल्या. कोपर खरचटलं, एवढ्यावर निभावलं.

मी कोपराला हळद लावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आज साडेतीनशेच होते. तो उद्या पुन्हा म्हणीन, आई खाटेवर पडून राह्यते."

मैत्रिणींनो, पावसाळ्यात दिवेलागणीनंतर अंगणात पाऊल टाकताना खाली बघून टाक, किडा-मुंगी असते, हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला याच सासूबाईंनी शिकवलं होतं. त्या बाईने सामायिक सोडलं, जिवांची काळजी सोडली, स्वतःच्या जोडलेल्या हाडाची काळजी सोडली. कशासाठी? मुलाच्या मोबाइलवरचा आकडा वाढावा म्हणून. तेव्हा मी ठरवलं की आता आधी या घड्याळाचीच परीक्षा घ्यायची.

परीक्षा अगदी साधी होती. आपल्या घरात मोजणीचं एक साधन असतंच, जपमाळ. १०८ मणी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या बाजूला माळ घेऊन उभी राहिले. त्या वॉकर धरून चालू लागल्या. एक पाऊल, एक मणी. मध्ये दोनदा थांबून दम घेतला. माळ पूर्ण झाली. सुरुवातीचा आकडा मी कागदावर लिहून ठेवला होता, तो आताच्या आकड्यातून वजा केला. घड्याळाने मोजलेली पावलं किती? २३. १०८ पैकी २३!

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "मंग? खोटं कोण बोलते, मी का मशीन?"

मग मी तेच घड्याळ माझ्या हाताला बांधलं आणि हात मोकळे सोडून १०८ पावलं चालले. १०५ दाखवली. म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतं. नंतर पाण्याने भरलेला कलश दोन्ही हातांत धरून तेवढीच पावलं टाकली. ३१! शेवटी ओट्यापाशी एका जागी उभी राहून वीस पोळ्या लाटल्या. पाऊल एकही हललं नाही, पण घड्याळात दीडशेच्या आसपास पावलं जमा झाली.

असं का होतं हे कळायला मी मुलाला बसवून सगळं विचारलं, स्वतःही वाचलं. ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

घड्याळाला आपले पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात एक इवलासा सेन्सर असतो. तो पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे बसणारे हिसके सेकंदाला अनेकदा टिपतो. आपण मोकळ्या हाताने चालतो तेव्हा हात लंबकासारखा हलतो आणि प्रत्येक पावलाचा हलका धक्का मनगटापर्यंत पोचतो. त्या हिसक्यांना एक लय असते. लय ओळखू आली की घड्याळ म्हणतं, हे चालणं. म्हणजे ते पाऊल मोजत नाही, मनगटाच्या हालचालीवरून पावलाचा अंदाज बांधतं.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. वॉकर धरला की मनगट जवळजवळ स्थिर, पाऊल लहान आणि सावकाश, म्हणून घड्याळाला काहीच कळत नाही. काठी धरलेला हात, हातगाडी किंवा बाळाची गाडी ढकलणारा हात, पाण्याची बादली, कडेवरचं मूल, अष्टद्रव्याचं ताट, सगळ्यांची तीच गत. शिवाय बरीच घड्याळं पहिली काही पावलं लगेच धरत नाहीत. सलग चालणं आहे अशी खात्री पटली की मगच मोजू लागतात, नाहीतर हात हलवला की पावलं वाढली असती. आता आपल्या घरातलं चालणं कसं असतं? ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं, चुलीपासून देवापर्यंत सात, दारात कोणी आलं म्हणून दहा. हे असं तुटक चालणं दिवसभर झालं तरी त्यातलं पुष्कळसं घड्याळाच्या हिशेबातून निसटतं.

उलट बाजूने पोळ्या लाटणं, कणीक तिंबणं, पितळी भांडी घासणं, भजनात टाळ्या वाजवणं, यातल्या लयीला ते चालणं समजू शकतं. एसटीत बसून कारंज्याला दर्शनाला जाताना रस्त्यातल्या खड्ड्यांनी माझी कितीतरी पावलं खिडकीपाशी बसूनच झालेली आहेत.

म्हणून मला वाटलं ते असं, आणि हे मी रागाने नाही, विचार करून लिहिते आहे. हे यंत्र रिकाम्या हाताने सरळ रस्त्यावर फिरायला निघालेल्या माणसासाठी बनलं आहे. आपल्या घरातल्या बायका दिवसभर हातात काहीतरी घेऊनच चालतात. आपलं घरातलं चालणं असंही कुणी मोजत नव्हतं. आता यंत्रही ते मोजत नाही. फरक एवढाच की पूर्वी न मोजलेल्या कामाचा निदान पुरावा कुणाकडे नव्हता. आता "तू काही करत नाहीस" याचा पुरावा म्हणून आकडा दाखवला जातो. खोटा पुरावा.

याचा अर्थ घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे. ती जेवढी नीट करता येते तेवढी करावी. मी काय काय केलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिलं, १०८ पावलांची परीक्षा प्रत्येकीने करावीच. आपल्या नेहमीच्या चालीने, नेहमीच्या जागी. पाच-सात पावलांचा फरक आला तर सोडून द्या, तेवढी चूक प्रत्येक यंत्राची असते. पण वीस-पंचवीसपेक्षा जास्त फरक आला तर पुढचं तपासा.

दुसरं, पट्टा. सैल पट्ट्यात घड्याळ मनगटावर बांगडीसारखं गरगर फिरतं आणि आकडा बिघडतो. मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, चामडी दबणार नाही पण घड्याळ सरकणार नाही, इतपत आवळावं. भरगच्च बांगड्यांच्या मध्ये अडकवू नये. आणि हो, पट्टा कशाचा आहे तेही बघा. काहींचा चामड्याचा असतो. तो घालून आपण मंदिराची पायरी चढतो हे लक्षातही येत नाही. सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा मिळतो, तो बदलून घ्यावा.

तिसरं, कोणता हात. ज्या हाताने आपण लाटतो, घासतो, लिहितो, त्या हातात घड्याळ नको. दुसऱ्या हातात बांधावं, आणि मोबाइलमधल्या ॲपमध्ये डावा की उजवा असं विचारलेलं असेल तर तिथेही तेच नोंदवावं. सासूबाईंचं घड्याळ उजव्या हाताला होतं आणि ॲपमध्ये डावा लिहिलेला होता.

चौथं, उंची आणि वय. भाऊजींनी घाईत स्वतःचीच माहिती भरून टाकली होती! पावलांपेक्षा अंतराचा आकडा यामुळे जास्त चुकतो, कारण जिथे उपग्रहाची मदत नसते तिथे घड्याळ पावलांना पावलाच्या लांबीने गुणून अंतर काढतं, आणि ती लांबी ते उंचीवरून ठरवतं. मी टेपने २० मीटर मोजून खडूच्या दोन रेघा मारल्या. सासूबाईंना ते अंतर चालायला ५० पावलं लागली. म्हणजे त्यांचं पाऊल ४० सेंटिमीटरचं. भाऊजींचं पाऊल ७० सेंटिमीटर धरलं तर त्यांच्या ३००० पावलांत दोन किलोमीटरच्या वर अंतर होतं आणि आईच्या ३००० पावलांत सव्वा किलोमीटरही भरत नाही. पण त्या सव्वा किलोमीटरला आईचा जेवढा दम जातो, तेवढा भाऊजींचा दोन किलोमीटरला जात नाही. पावलं सारखी मोजली तरी कष्ट सारखे नसतात.

पाचवं, दोनदा मोजणी. मोबाइलही पावलं मोजतो आणि घड्याळही मोजतं. कधी कधी एकाच ॲपमध्ये दोन्हींची बेरीज होते. माझ्या जाऊबाईंचा आकडा रोज अचाट यायचा, त्याचं कारण हेच निघालं. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एकच मोजणी चालू ठेवावी. मोबाइल आणि घड्याळाचा संपर्क तुटलेला असला तर जुनाच आकडा दिसत राहतो, तेही एकदा बघावं. घड्याळ बंद करून चालू करणं आणि त्याचं नवं अपडेट घेणं, याने बारीकसारीक गोंधळ पुष्कळदा मिटतात.

सहावं, वॉकर, काठी किंवा गाडी वापरणाऱ्यांसाठी. घड्याळ मनगटावर ठेवूच नये. मी सासूबाईंचं घड्याळ काढून त्यांच्या बटव्यात घातलं आणि बटवा कमरेला घट्ट खोचला. पुन्हा माळ धरली. १०८ पैकी ७४. पूर्ण नाही, कारण त्यांची चालच इतकी सावकाश आहे की कंबरेलाही धक्का धड बसत नाही. पण २३ पेक्षा ७४ बरे. सगळीच घड्याळं अशी चालतील असं नाही, करून बघावं.

एवढं सगळं करूनही पावलं कमी दिसली तर? आता आकड्याबद्दलच बोलू.

दहा हजार पावलांचं जे सगळीकडे ऐकू येतं, ते कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेलं नाही. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, आणि त्याच्या पाठोपाठ १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं'. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पुढे तोच नियम झाला. खरा अभ्यास फार नंतर झाला. २०१९ साली अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं, म्हणजे आपल्या सासवांच्याच वयाच्या. त्यात दिसलं की दिवसाला २७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४४०० च्या आसपास चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७५०० च्या पुढे जास्त चालून आणखी फायदा झालेला दिसला नाही. एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, त्या स्त्रियांनी यंत्र कमरेला लावलं होतं, मनगटाला नाही. आणि त्या मदतीशिवाय चालू शकणाऱ्या होत्या. तेव्हा तिथला आकडा उचलून वॉकरवाल्या आईच्या मनगटावर चिकटवणं हा अन्याय आहे. तिचा आकडा तिला तपासणारे डॉक्टर सांगतील, आणि तो बहुतेक पावलांत नसून 'किती वेळा आणि किती मिनिटं' असा असेल.

आता थोडं आपल्या धर्माच्या बाजूने.

आपल्याला पावलं मोजणं नवीन नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, देशव्रत आहे. किती दूर जायचं, कोणत्या दिशेला जायचं, याची मर्यादा आपण घेतो. म्हणजे आपल्याकडे मोजणी होती ती पावलं आवरण्यासाठी. अनर्थदंडात विनाकारण भटकणंही धरलेलं आहे. तब्येतीसाठी चालणं हे विनाकारण नव्हे, त्याला प्रयोजन आहे. या देहानेच व्रत-नियम होतात, तो नीट ठेवलाच पाहिजे. पण रात्री साडेनऊला, आज सहाशे कमी आहेत म्हणून अंधारात गच्चीवर गरागरा फिरणं, तेही पावसाळ्यात, जेव्हा पायाखाली असंख्य जीव असतात, त्याला मी काय नाव देऊ? त्यातून ना तब्येत सुधारते, ना मन.

आपले मुनी ईर्यासमिती पाळतात. उजेडात, चार हात पुढची जमीन बघत, जीव वाचवत एकेक पाऊल टाकतात. आचार्य विद्यासागर महाराजांचा २०२२ चा चातुर्मास आपल्या जिल्ह्यात शिरपूरला झाला, तेव्हा दर्शनाला आपल्यापैकी किती जणी गेल्या होत्या! आयुष्यभर पायी विहार केलेला तो देह. किती पावलं झाली हे कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक पाऊल बघून टाकलं होतं, एवढं मात्र आपल्याला ठाऊक आहे. आपण श्राविका, आपल्याकडून तेवढं होणार नाही. पण पाऊल टाकताना नजर मनगटावर नसावी, जमिनीवर असावी, इतकं तर होईल?

आणखी एक. हे घड्याळ तासाभराने थरथरून 'उठा, हला' म्हणतं. सामायिकाच्या ४८ मिनिटांत ते थरथरलं की मन तिकडे गेलंच. ती आठवण सेटिंगमध्ये बंद करता येते. तसंच पर्युषणात उपवास-एकाशनाच्या दिवशी रोजचं लक्ष्य गाठायचा हट्ट नको. त्या दिवशी घड्याळ सरळ डब्यात ठेवावं. त्याला एक दिवस विश्रांती मिळाली तर काही बिघडत नाही.

आणि महिला मंडळांना एक विनंती. पावलांच्या स्पर्धा ठेवता, छान आहे, त्यानिमित्ताने बायका घराबाहेर पडतात. पण घड्याळाच्या आकड्यावर बक्षीस देऊ नका. एक तर आकडा खरा नसतो. दुसरं, नातवाच्या हाताला घड्याळ बांधून खेळायला पाठवणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. हसण्यावारी नेतो आपण, पण सत्याचं अणुव्रत काय फक्त पर्युषणात म्हणायला आहे? त्यापेक्षा एक ठरलेला रस्ता धरा, सगळ्यांनी मिळून चाला, आणि महिनाभर जी एकही दिवस चुकली नाही तिला बक्षीस द्या.

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगून संपवते.

कोपर खरचटल्यानंतरच्या रविवारी मी भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. भांडले नाही. म्हटलं, "भाऊजी, आई चालते आहे, तुम्हीच मोजा." सासूबाई वॉकर घेऊन निघाल्या, मी मोबाइल धरला, माळ माझ्या मुलीच्या हातात. भाऊजी तिकडून मोठ्याने मोजत होते. एक, दोन, तीन... सत्तरीला आले तेव्हा सासूबाई थांबल्या, दम घेतला, पुन्हा निघाल्या. एकशे आठ झाले. मी घड्याळ कॅमेऱ्यापुढे धरलं. २६ पावलं वाढली होती. तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊजी म्हणाले, "आई, दोन महिने मी तुला उगाच बोललो गं." आणि मग, "वहिनी, तुम्हालाही."

सासूबाई म्हणाल्या, "तू फोन करत जा बापू. पण मले विचार, त्याले नको विचारू."

आता आमच्याकडे नवीन हिशेब आहे. चैत्यालयाबाहेरच्या कोनाड्यात दोन वाट्या ठेवल्या आहेत. एकीत सात बदाम. एक चक्कर झाली की सासूबाई एक बदाम दुसऱ्या वाटीत टाकतात. दिवस मावळायच्या आत सात बदाम इकडून तिकडे गेले पाहिजेत. भाऊजी रोज संध्याकाळी, जेवणाआधी फोन करतात आणि विचारतात, "आई, किती बदाम?" काल पाचच झाले होते. गुडघा दुखत होता. त्यांनी तेही विचारलं, कोणता गुडघा, कधीपासून, शेकलं का. दोन महिन्यांत घड्याळाने हे एकदाही विचारलं नव्हतं.

घड्याळ आहे अजून. नाडीचे ठोके बघायला बरं पडतं, आणि वेळ तर दाखवतंच. सामायिकाला बसताना सासूबाई ते काढून बदामाच्या वाटीशेजारी ठेवतात.

तुमच्या घरी असं घड्याळ असेल तर आज माळ घ्या आणि १०८ पावलं चालून बघा. विशेषतः ते दुसऱ्या कुणाच्या हातावर असेल आणि आकडा बघून तुम्ही तिला काही बोलला असाल तर.

जय जिनेंद्र.